दुसरी फेरी

औषधवाले काका कुणाच्याही घरी गेले की आधी खाली बघत. बाकीची माणसं यजमानाच्या तोंडाकडे बघतात; काकांची नजर भिंत आणि फरशी जिथे मिळते त्या सांध्यावरून फिरत कोपऱ्यात जायची, तिथून दाराच्या चौकटीवर चढायची आणि मग सवड झाली तर माणसांवर यायची. उभी हयात झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारण्यात गेली, त्याला ते तरी काय करणार? एकदा एका ओळखीच्यांकडे सांत्वनाला गेले होते. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि काकांनी उठून, गेलेल्या गृहस्थांच्या फोटोमागे हात घातला, मातीची बारीक नळी मोडली नि सगळ्यांना दाखवली. "वाळवी. जिवंत आहे," म्हणाले. घरच्यांना रडावं की हसावं कळेना.

धंद्यात त्यांचा एक कायदा होता, दुसऱ्या फेरीचा. पहिल्या फेरीत मरतात ती मोठी; अंड्यांना औषध लागू पडत नाही. ती फुटली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून पहिल्या फवारणीनंतर काही दिवसांनी दुसरी फेरी झालीच पाहिजे. जो दुसऱ्या फेरीला नाही म्हणेल त्याच्याकडे काका पहिलीलाही जात नसत. "अर्धवट मारण्यापेक्षा पाळा त्यांना, नावं ठेवा," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगत. वाळवीच्या बाबतीत तर त्यांचा विश्वास डोळ्यांवरही नव्हता. भिंतीवरची नळी थोडीशी मोडून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी येऊन बघायची. रातोरात पुन्हा बांधून काढलेली दिसली तर आत कुणी आहे. तशीच मोडकी राहिली तर समजायचं, संपलं.

बायकोला ते 'बाई' म्हणत. त्यामागे एक गोष्ट आहे. शहरातल्या मोठ्या इस्पितळात बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. तळमजल्यावर, औषधांच्या कोठाराशेजारी एक बिनखिडकीची खोली, समोर बोर्ड, बोर्डावर बारीक बारीक दिवे. दिवा लागला की "बोला" म्हणायचं आणि "थांबा हं, जोडून देते" म्हणून पुढे द्यायचं. लागलेला दिवा बाईंना सहन होत नसे. कुणीतरी आपली वाट बघत ताटकळतंय, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. एका वॉर्डात ढेकूण झाले तेव्हा काकांनी त्या इस्पितळात फोन लावला. ज्या अधिकाऱ्याशी बोलायचं तो काही जागेवर सापडेना. दर थोड्या वेळाने बाई लाइनीवर परत येत आणि विचारत, "तुम्ही आहात ना अजून?"

"आहे. थांबलोय, बाई," काका म्हणत.

दुसऱ्या दिवशी अधिकारी सापडला, कामही मिळालं, तरी काकांनी फोन केलाच. हे लग्न ढेकणांनी जमवलं, असं दोन्हीकडचे नातेवाईक पुढे कितीतरी वर्षं सांगत आणि पोट धरून हसत.

लग्नानंतर मात्र विचारायचं काम संपलं. काका वाईट नव्हते. व्यसन नाही, आरडाओरडा नाही, बाईंना रात्रपाळी असली की बस थांब्यापर्यंत सोडायला जात. पण घर त्यांनी हातातल्या कामासारखं चालवलं. काय करायचं ते ठरवायचं, सांगायचं आणि करून मोकळं व्हायचं. घर बदललं तेव्हा सामान बांधायच्या दिवशी बाईंना सांगितलं. पडद्यांचा रंग त्यांचा, रविवारी कुणाकडे जायचं तेही त्यांचं. मूल होईना तेव्हा आता डॉक्टरांकडे खेटे घालायला नकोत, हेही एका संध्याकाळी जेवताना काकांनीच ठरवून टाकलं. बाई खाली बघून जेवत राहिल्या. बाई काही बोलल्या नाहीत म्हणजे बाईंना पटलं, असा काकांचा सरळ हिशेब होता, आणि हिशेबात आपण कधी चुकत नाही अशी त्यांची खात्री होती.

पुढे दोघंही निवृत्त झाले. काकांच्या गुडघ्यांनी दावा मांडला म्हणून फवारणीचा पंप गॅलरीतल्या खिळ्याला टांगला. आणि मग बाईंचे शब्द जाऊ लागले.

आधी वस्तूंची नावं गेली. चमचा, किल्ली, टॉवेल. बाई "ते... हे... ते दे" म्हणून हाताने हवेत आकार काढत. मग माणसांची नावं गेली. सख्ख्या बहिणीच्या मुलीला, जिला अंगाखांद्यावर खेळवलं त्या भाचीला, त्यांनी एके दिवशी "आपण कोण?" म्हणून विचारलं, तेही कसं, तर ऑपरेटरच्या अदबीने. भाची स्वयंपाकघरात जाऊन रडली. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि काकांना आडपडदा न ठेवता सांगितलं, की हे उलटं फिरणारं नाही. "एवढंच करा, की ज्या गोष्टी त्या आपणहून रोज करतात त्या करू द्या. कितीही फालतू वाटो. सवय हाताशी आहे तोवर आहे. एकदा सुटली की परत सापडत नाही."

काकांनी ते अक्षरशः पाळलं. बाई टॉवेलांच्या घड्या घालत, तर घडी घातलेले टॉवेल काका गुपचूप उलगडून पुन्हा टोपलीत टाकत, म्हणजे उद्याची सोय. गॅलरीतल्या कुंडीला बाई दिवसातून किती वेळा पाणी घालत त्याला गणती नव्हती. रोप कुजलं, तर काकांनी नुसती माती भरलेली कुंडी तिथे ठेवली. बाई तिला पाणी घालत राहिल्या. माणूस हट्टी होता, पण बायकोची एकेक सवय तो तळहाताच्या फोडासारखी जपत होता, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

कॉम्प्युटर घरात आला तो भाचीमुळे. तिचं कामच ते होतं, ऑफिसातल्या लोकांचे बिघडलेले कॉम्प्युटर ताळ्यावर आणायचे. नवा घेतला तेव्हा जुना तिने मावशीकडे आणून बसवला, खिडकीजवळच्या टेबलावर. "पत्त्यांचा खेळ आहे यात. मावशी खेळेल. बोटं चालतील, डोकं चालेल."

बाई खेळल्या की नाही देव जाणे. पण त्या पत्त्यांच्या पाठोपाठ, आमंत्रण नसलेल्या वऱ्हाडासारखी, बाकीची मंडळी आत आली. पडद्यावर चौकटी उघडू लागल्या. कुणीतरी परक्या भाषेतून यंत्राकडून करून घेतलेलं ते मराठी वाचून हसू यावं असं होतं. "प्रिय मौल्यवान मित्रा, आपला संगणक थकला आहे. आपण त्याला आनंदी करू इच्छिता?" खाली दोन बटणं, हो आणि नाही. "आपणास हवामान आवडेल?" "आपल्या माउसच्या बाणाऐवजी आपण मांजर इच्छिता?" कोपऱ्यात एक पिवळी घंटा यायची, तिच्यावर हिरवा ठिपका लुकलुकायचा आणि ट्रिंग ट्रिंग असा जुन्या फोनसारखा आवाज व्हायचा.

आणि बाई सावरून बसत. पदर नीट करत, मान किंचित कलती करत आणि म्हणत, "बोला."

मग माउस हलवून हिरव्या ठिपक्यावर नेत, दाबत आणि म्हणत, "थांबा हं, जोडून देते."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा काका स्वयंपाकघरातून धावत आले, त्यांना वाटलं कुणी आलंय. तोवर बाईंच्या तोंडून पुरतं वाक्य निघून बरेच महिने झाले होते. पण काकांना त्याचं अप्रूप वाटलं नाही, राग आला. खरं सांगायचं तर मत्सर वाटला. आपण "चल जेवायला" म्हटलं तर ही भिंतीकडे बघते, "गोळी घे" म्हटलं तर ओठ घट्ट मिटते, आणि त्या डब्यातल्या भामट्यांना मात्र "बोला"! त्यांनी दोन-चारदा चौकट बंद केली. दुसऱ्या दिवशी चार जास्त आल्या.

एक चौकट तर अशी आली, की काका वाचून तापलेच. "आपण अजून आहात का? दहा सेकंदांत उत्तर न आल्यास आपला होकार समजला जाईल." आणि खाली आकडे उलटे मोजत निघाले.

"ही कुठली रीत?" काका ओरडले. "गप्प बसलं की हो धरायचं? दरोडेखोर आहेत लेकाचे!"

शेजारी बसलेल्या बाई हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवत, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकांना वाटलं, आजाराचंच काहीतरी असेल. पाण्याचा पेला आणून त्यांनी तोंडाला लावला.

पुढे यंत्र इतकं मंदावलं, की रविवारी भाची व्हिडिओवर बोलायला आली की तिचं तोंड उघडं ते उघडंच थिजून राही आणि त्यावर हवामान, मांजर आणि चकचकीत कढयांच्या जाहिराती नाचत. भाचीने फोन लावला. "काका, तुमचं घर म्हणजे धर्मशाळा झालीये. हे नुसतं त्रासाचं नाही, यातून कुणीही आत शिरेल. सगळं काढायला हवं. मी येऊ का?"

काकांच्या वर्मी बसलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ज्याने शहरातली अर्धी घरं निर्मळ केली त्याच्या स्वतःच्या घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, वारूळ! "तू फक्त फोनवर सांग," ते म्हणाले. "मारायचं काम मी करतो."

किती तरी वर्षांनी काका असे खुलले होते. फोन स्पीकरवर ठेवला, चष्मा पुसला, बाह्या सारल्या. बाई शेजारच्या खुर्चीत, टॉवेल मांडीवर. भाची सांगे तिथे काका जात. प्रोग्रॅमांची यादी उघडली, तर खाली सरकता सरकेना. एकेकावर बोट ठेवायचं, 'काढून टाका' म्हणायचं. एकही मुकाट्याने जाईना. मांजराने रडका चेहरा दाखवला. हवामानवाल्याने विचारलं, "आमच्याकडून काही चुकले का?" कढईवाला म्हणाला, "आपण एक महिना अजून विचार करू इच्छिता?"

"काय चिकट जात आहे," काका म्हणाले. "झुरळ निदान माफी मागत बसत नाही."

भाची हसली. मग ब्राउझरला चिकटलेल्या पट्ट्या काढल्या, मग 'सूचना पाठवायला परवानगी' दिलेल्या जागांची भली मोठी रांग निघाली. दरेक ठिकाणी बाईंनी हो म्हटलेलं. एवढ्या सगळ्यांना बाईंनी जोडून दिलं होतं! काकांनी सगळ्या परवानग्या मोडीत काढल्या. यंत्र बंद करून चालू केलं.

ट्रिंग ट्रिंग. कोपऱ्यात पिवळी घंटा.

"बोला," बाई म्हणाल्या.

"ही परत आली गं," काका फोनमध्ये म्हणाले.

"काढा पुन्हा."

काढली. यंत्र पुन्हा चालू केलं. ट्रिंग ट्रिंग. काकांचे डोळे चमकले. "अंडं आहे कुठेतरी," ते म्हणाले. "आज राहू दे. दुसरी फेरी करू."

पुढच्या रविवारी दुसरी फेरी झाली. भाचीने त्यांना अशा एका जागी नेलं, की जिथे यंत्र आपली रोजची कामं ठरवून ठेवतं, अमुक वाजता हे कर, सुरू होताना ते कर. त्या रांगेत, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा साध्यासुध्या वेशात, ते अंडं बसलं होतं. काम एकच. घंटा मेलेली दिसली की तिला पुन्हा आणायचं.

काकांनी त्यावर बोट ठेवलं. चौकट उघडली. "आपली खरोखर निरोप घेण्याची इच्छा आहे? हो. नाही."

बाई पुढे झुकल्या. "थांबा हं," म्हणाल्या, "जोडून देते." आणि माउसकडे हात नेला.

काकांनी तो हात मनगटाला धरून उचलला आणि टॉवेलावर ठेवला. जोर केला नाही. पान सरकवावं तसा सरकवला. मग हो दाबलं.

यंत्र चालू झालं ते निर्मळ. भाचीने दुरूनच एक राखणदार प्रोग्रॅम आत बसवून दिला, पडद्यावर डोंगराचं चित्र लावलं आणि "आता चिटपाखरू येणार नाही" म्हणाली. काकांनी त्या दिवशी स्वतःसाठी दुसरा कप चहा केला. आपण अजून मोडीत निघालो नाही, असं त्यांना वाटलं.

बाई दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी खुर्चीत जाऊन बसल्या. हात माउसवर. डोंगर समोर. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "बोला?"

बाईंनी मान कलती करून वाट पाहिली. पुन्हा म्हणाल्या, "बोला?" काका शेजारच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी ऐकलं. त्यांना वाटलं, दोन दिवसांत विसरेल.

विसरल्या. काकांना वाटलं होतं त्याहून लवकर. आधी दिवसभर बसत, मग सकाळपुरत्या, मग खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहत आणि परत फिरत. मग टॉवेलही टोपलीतच राहू लागले. कुंडीची माती तडकली. काका म्हणत, "चल, घड्या घाल," आणि बाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहत, आवाज कुठून येतोय याचा पत्ता नसल्यासारख्या.

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी बाईंना प्रकाश दाखवला, बोटं मोजायला सांगितली, हाक मारली. मग काकांकडे वळल्या. "घरी काही बोलतात का?"

"बोलते की," काका झटकन म्हणाले. "रोज बोलते. दिवसातून कितीदा तरी. बोला म्हणते, थांबा हं, जोडून..."

त्यांची नजर भिंत आणि फरशीच्या सांध्यावर गेली.

"म्हणजे बोलायची," ते म्हणाले. "आता ते बंद झालंय."

"काय बंद झालं?"

काकांनी सांगितलं. घंटा, चौकटी, दुसरी फेरी, सगळं. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. त्या काही वावगं बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला कसं कळणार?" आणि हेच काकांना सगळ्यात लागलं. कारण त्यांना सांगितलेलं होतं. कितीही फालतू वाटो, असं सांगितलेलं होतं. टॉवेल त्यांनी राखले, चिखलाची कुंडी राखली, आणि बायकोच्या तोंडात उरलेली शेवटची दोन वाक्यं स्वतःच्या हाताने, अंड्यासकट, मारली.

घरी येऊन त्यांनी भाचीला फोन लावला. "ते सगळं परत घाल."

"काय परत घालू?"

"घंटा. मांजर. सगळंच."

"काका, वेड लागलंय का? असं कुणी मुद्दाम घालतं का?"

"तुझी मावशी त्यांच्याशी बोलत होती गं," काका म्हणाले आणि फोनवरच रडू लागले. भाचीने त्यांना रडताना कधी ऐकलं नव्हतं. ती घाबरली, येते म्हणाली, उद्या सकाळीच येते म्हणाली. पण काकांना उद्यापर्यंत दम निघेना.

ते खुर्चीत बसले. पत्त्यांचे फुकटचे खेळ शोधले, दिसेल ते हिरवं बटण दाबलं, विचारलं तिथे हो म्हटलं, न विचारलं तिथेही म्हटलं. राखणदार मध्ये पडला. "ही जागा धोकादायक आहे. आपल्याला सुरक्षित ठेवले आहे." पुन्हा गेले, पुन्हा त्याने अडवलं. जन्मभर दाराच्या फटी बुजवत आलेला माणूस आता आपल्याच दारावर धडका मारत होता आणि आतून त्याला सांगितलं जात होतं, की तू सुरक्षित आहेस. शेवटी काका त्या यादीत गेले, भाचीने शिकवलेल्या. राखणदारावर बोट ठेवलं. काढून टाका. खात्री आहे? हो. हो. हो.

मग आले. ते काय, वाटच बघत असतात. हवामान आलं, कढया आल्या, बाणाचं मांजर झालं. यंत्र धापा टाकू लागलं. संध्याकाळच्या सुमाराला, काका तेच तेच दाबत असताना, कोपऱ्यात पिवळी घंटा उगवली आणि वाजली. ट्रिंग ट्रिंग.

काका गुडघ्यांचं दुखणं विसरून आतल्या खोलीत गेले. बाई पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. "चल," म्हणता म्हणता ते थांबले. "येतेस का?" त्यांनी विचारलं. काका उत्तराची वाट पाहत उभे राहिले. बाहेर घंटा वाजत होती. मग त्यांनी बाईंच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं, हळूहळू आणलं, खुर्चीत बसवलं आणि माउसवर त्यांचा हात ठेवला. हात तिथून घसरला आणि मांडीवर पडला.

"बघ," काका म्हणाले. "दिवा लागलाय. कुणीतरी थांबलंय तिकडे."

हिरवा ठिपका लुकलुकत राहिला. बाई खिडकीच्या काचेकडे बघत होत्या. काचेबाहेरही त्यांना काही दिसत असेल असं वाटत नव्हतं. ट्रिंग ट्रिंग. काकांनी पुन्हा हात ठेवला, पुन्हा घसरला. त्यांनी बाईंची मान हलकेच पडद्याकडे वळवली. मान तिथे राहिली, डोळे राहिले नाहीत. काकांनी आयुष्यभर मोडक्या नळ्या पाहिल्या होत्या. आत कुणी असलं तर काय होतं आणि नसलं तर काय होतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

तेवढ्यात ती चौकट आली. "आपण अजून आहात का? दहा सेकंदांत उत्तर न आल्यास आपला होकार समजला जाईल."

आकडे उलटे निघाले. काकांना बाईंचं ते हसणं आठवलं. खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. आता कळलं त्यांना. घर, पडदे, ती जेवणाची संध्याकाळ. खाली बघून जेवणारी बाई. त्यांनी तर दहापर्यंतही कधी मोजलं नव्हतं.

"तुला डॉक्टरांकडे जायचं होतं का गं?" त्यांनी विचारलं. "तेव्हा?"

आकडे संपले. चौकट होकार धरून आपल्या कामाला लागली. पडद्यावर एक पट्टी भरू लागली, आणखी काहीतरी आत येत होतं. काकांनी ते थांबवलं नाही. त्यांनी स्टूल ओढून घेतलं, बाईंच्या गुडघ्याला गुडघा लागेल असे जवळ बसले आणि त्यांचा हात हातात घेतला. मग एके काळी बिनखिडकीच्या खोलीतून जसं विचारलं जायचं तसं, त्याच सुरात, काकांनी विचारलं, "तुम्ही आहात ना अजून?"

बाईंच्या तोंडावर काही हललं नाही. घंटा वाजून वाजून बंद पडली. खिडकीतला उजेड गेला, दिवा लावायला उठावं लागणार होतं, पण काका उठले नाहीत.

"मी आहे," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "थांबलोय."

पलीकडून कुणी परत आलं नाही.